खासगी जेटचे कंत्राटी वैमानिक : दिवसाच्या दरामागचा कायदा आणि हिशेब

मुंबई : २१ जानेवारी २०१९ च्या रात्री फ्रान्समधील नान्त येथून वेल्सची राजधानी कार्डिफकडे निघालेले एका इंजिनाचे पायपर मालिबू विमान इंग्लिश खाडीत कोसळले. विमानात अर्जेंटिनाचा २८ वर्षांचा फुटबॉलपटू एमिलियानो साला आणि एक वैमानिक असे दोघेच होते. सालाचा मृतदेह समुद्रतळाशी सापडलेल्या अवशेषांतून काढण्यात आला. वैमानिकाचा मृतदेह कधीच सापडला नाही. वैमानिकाकडे खासगी उड्डाणाचा परवाना होता, मोबदला घेऊन प्रवासी नेण्याचा नव्हता, हे तपासात उघड झाले. रात्रीच्या उड्डाणाची पात्रता त्याच्याकडे नव्हती आणि त्या वर्गातील विमानासाठी लागणाऱ्या रेटिंगची मुदतही संपलेली होती. उड्डाण जुळवून देणारे डेव्हिड हेंडरसन त्या वेळी पत्नीसह पॅरिसला गेले होते, म्हणून त्यांनी हे काम ओळखीच्या वैमानिकावर सोपवले होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये कार्डिफच्या न्यायालयाने हेंडरसन यांना १८ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

ते विमान जेट नव्हते आणि ही घटनाही भारतातील नव्हे. मात्र नोकरीत नसलेला वैमानिक, फोनवरून ठरलेले काम, ठरावीक रकमेचा शब्द आणि कागदावर फारसे काही नाही, ही मांडणी खासगी विमानांच्या व्यवसायात जगभर परिचयाची आहे. छोट्या जेटलाही बहुधा दोन वैमानिक लागतात. एक-दोन विमाने बाळगणारी कंपनी किंवा उद्योगसमूह मोजकेच वैमानिक पगारावर ठेवतो. त्यांच्यापैकी एखादा सिम्युलेटर प्रशिक्षणासाठी परदेशी गेला, आजारी पडला किंवा राजीनामा देऊन गेला की विमान जमिनीवर राहते. निवडणुकांच्या हंगामात तर मागणी एकदम चढते. अशा वेळी त्या विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग असलेल्या बाहेरच्या वैमानिकाला दिवसाच्या दराने बोलावले जाते. हवाई दलातून वा विमान कंपनीतून निवृत्त झालेले, नोकऱ्यांच्या मध्ये असलेले आणि स्वेच्छेने मोकळे राहिलेले असे अनेक जण हे काम करतात. मासिक पगाराच्या तुलनेत दिवसाचा दर आकर्षक दिसतो. मात्र नोकरीत कंपनी ज्या गोष्टी न सांगता सांभाळते, त्या सगळ्या या दराबरोबर वैमानिकाच्या अंगावर येतात.

विमान कोणत्या परवान्यावर उडते?

कंत्राटी वैमानिकाने दराआधी विचारायचा प्रश्न हा आहे. भारतात भाड्याने प्रवासी नेण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परवाना लागतो. खासगी वर्गात नोंदलेले विमान मालक, त्याचे कुटुंब वा कंपनीचे अधिकारी यांच्यासाठी वापरता येते; त्यावर भाडे आकारता येत नाही. दोन्ही वर्गांतील करांमध्ये मोठी तफावत आहे. वैयक्तिक वापराच्या विमानावर सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचा दर ४० टक्के आहे, तर परवानाधारक चालकाच्या विमानावर तो ५ टक्के आहे. त्यामुळे परवान्यावर आणलेले विमान प्रत्यक्षात मालकाच्याच सेवेत असल्याचा आक्षेप घेऊन सीमाशुल्क विभागाने गेल्या दीड दशकात अनेक वाद लढवले आहेत. उलट प्रकारही घडतो. खासगी विमान मित्राला, व्यावसायिक परिचिताला वा एखाद्या पक्षाच्या नेत्याला दिले जाते आणि 'इंधनाचा खर्च' म्हणून पैसे घेतले जातात.

या व्यवहारात कंत्राटी वैमानिक सर्वांत उघड्यावर असतो. उड्डाण बेकायदा भाड्याचे ठरले तर मालकाला दंड होईल. वैमानिकाचा मात्र परवाना निलंबित होऊ शकतो आणि तोच त्याच्या उपजीविकेचा एकमेव आधार असतो. १९३४ च्या विमान कायद्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला असून त्यातील गंभीर उल्लंघनांसाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. मला ठाऊक नव्हते, असा बचाव कमांडरच्या आसनावर बसलेल्याच्या तोंडी फारसा टिकत नाही.

अमेरिकेत कंत्राटी वैमानिकांची बाजारपेठ सर्वांत मोठी आहे आणि तिथली विमान वाहतूक यंत्रणा याच मुद्द्यावर वैमानिकांना सातत्याने सावध करते. तिथे मालकाचे स्वतःचे उड्डाण नियमावलीच्या ९१ व्या भागाखाली होते, भाड्याचे १३५ व्या भागाखाली. विमान एका कागदावर भाड्याने द्यायचे आणि वैमानिक दुसऱ्या कागदावर पुरवायचा, पण पुरवणारा हात एकच, अशी क्लृप्ती योजली जाते. मग दोन्ही कागद कायदेशीर दिसत असले तरी उड्डाण बेकायदा ठरते. उड्डाणावर खरे नियंत्रण कोणाचे, विमान कोणी निवडले, ते सोडायचे की नाही हे कोण ठरवतो, यावरून यंत्रणा निष्कर्ष काढते. भारतातील वैमानिकालाही हीच विचारणा उपयोगी पडते : प्रवासी कोण आहेत, ते पैसे कोणाला देत आहेत आणि बिल कोणाच्या नावाने निघणार आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागितली तरी पुष्कळदा चित्र स्पष्ट होते.

परवानाधारक कंपनीसाठी उड्डाण करताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. टाइप रेटिंग आहे म्हणून कोणीही कोणत्याही कंपनीच्या विमानात बसू शकत नाही. त्या कंपनीच्या ऑपरेशन्स मॅन्युअलप्रमाणे प्रशिक्षण आणि तपासण्या झालेल्या असाव्या लागतात, गेल्या ९० दिवसांतील टेक-ऑफ आणि लँडिंगची अट पूर्ण असावी लागते, वैद्यकीय प्रमाणपत्र चालू असावे लागते. नोकरीत या तारखा कंपनीचा ऑपरेशन्स विभाग पाहतो. मोकळ्या वैमानिकाला त्या स्वतःच पाहाव्या लागतात. एक तारीख चुकली तर त्या दिवसाचे उड्डाणच नव्हे, त्या उड्डाणाचा विमाही धोक्यात येतो.

नोकर की स्वतंत्र व्यावसायिक?

करारपत्रावर 'सल्लागार' किंवा 'स्वतंत्र कंत्राटदार' असे लिहिले म्हणजे प्रश्न मिटला, असा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. भारतीय न्यायालये गेली अनेक दशके नावापेक्षा वस्तुस्थितीकडे पाहत आली आहेत. कामाची पद्धत कोण ठरवतो, साधने कोणाची, मोबदला कसा, काम नाकारण्याची मुभा आहे का, दुसऱ्याकडे काम करता येते का, ती व्यक्ती संस्थेच्या रचनेचा भाग आहे का, अशा अनेक कसोट्या एकत्र लावून नोकरीचा करार आणि सेवा पुरवण्याचा करार यांत भेद केला जातो. पुण्यातील एका नामांकित रुग्णालयाच्या सल्लागार डॉक्टरांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये असाच विचार केला आणि त्यांना मिळणारी रक्कम पगार नसून व्यावसायिक शुल्क आहे, असा निर्णय दिला.

वैमानिकाच्या बाबतीत ही कसोटी अवघड होते. विमान मालकाचे, वेळ मालकाची, कार्यपद्धती कंपनीच्या मॅन्युअलची. केवळ नियंत्रणाकडे पाहिले तर जवळपास प्रत्येक कंत्राटी वैमानिक नोकर ठरेल. म्हणून प्रत्यक्षात निर्णायक ठरतात त्या बाकीच्या खुणा. महिन्याला तीन-चार वेगवेगळ्या ग्राहकांसाठी उड्डाण करणारा, काम नाकारू शकणारा आणि स्वतःच्या नावाने बिल देणारा वैमानिक स्वतंत्र व्यावसायिकाच्या जवळ जातो. वर्षभर एकाच कंपनीच्या एकाच विमानावर, ठरलेल्या मासिक रकमेवर, रजेची परवानगी मागून काम करणारा वैमानिक कागदावर काहीही असला तरी नोकराच्या जवळ असतो. दुसऱ्या प्रकारात कंपनीचा फायदा उघड आहे : भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, नोटिशीचा पगार नाही. अमेरिकेत अशा चुकीच्या वर्गीकरणाबद्दल कर यंत्रणा कंपन्यांकडून थकलेले कर वसूल करते, कारण तिथे सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरचा ७.६५ टक्क्यांचा मालकाचा वाटा त्यात बुडतो आणि स्वतंत्र ठरवलेल्याला दोन्ही वाटे मिळून १५.३ टक्के एकट्याने भरावे लागतात.

वर्षभराचे सलग काम असेल तर 'स्वतंत्र कंत्राटदार' होण्याऐवजी मुदतीची नोकरी मागणे वैमानिकाच्या हिताचे ठरू शकते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला पाच नव्हे, एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. मात्र त्याबरोबर नोकरीची बंधनेही येतात. हवाई वाहतूक कंपन्यांतील कमांडरला एक वर्ष आणि सहवैमानिकाला सहा महिने आधी नोटीस देण्याचा नियम डीजीसीएने २०१७ मध्ये केला. नोटीस न पाळता गेलेल्या वैमानिकांविरुद्ध अकासा एअरने २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा हा विषय देशभर गाजला.

विमा : सर्वांत महागडा गैरसमज

मालक सांगतो, विमानाचा विमा आहे. वैमानिक समाधानी होतो. पण तो विमा प्रथमतः मालकाचा आहे. अपघातानंतर विमा कंपनी मालकाला विमानाची किंमत देते आणि मग, कायद्याने मिळालेल्या अधिकाराने, मालकाच्या जागी उभी राहून नुकसानीस जबाबदार असलेल्याकडून ती रक्कम वसूल करू शकते. पगारी वैमानिक बहुधा मालकाचाच माणूस म्हणून या वसुलीतून सुटतो. स्वतंत्र कंत्राटदार हा तिऱ्हाईत आहे. धावपट्टीवर विमान घसरले आणि चूक वैमानिकाची ठरली तर कोट्यवधी रुपयांच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून त्याचे नाव येऊ शकते. स्वतंत्र व्यावसायिक असल्याची जी नोंद कराच्या वेळी सोयीची वाटली, तीच इथे अंगावर येते.

नोकर की तिऱ्हाईत या भेदाने विम्याची रक्कम किती बदलते, याचे बोलके उदाहरण आकाशातले नसून गुजरातमधील रस्त्यावरचे आहे. नवसारी येथील एका नेत्र रुग्णालयाच्या मिनीबसला १९९७ मध्ये झालेल्या अपघातात तिथे मानद शल्यचिकित्सक म्हणून काम करणाऱ्या डॉक्टरांचा मृत्यू झाला. ते रुग्णालयाचे कर्मचारी होते, म्हणून पॉलिसीतील कर्मचाऱ्यांसाठीची मर्यादित रक्कमच देय आहे, असे विमा कंपनीचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्यांचा करार तपासला, तो नोकरीचा नसून सेवा पुरवण्याचा आहे असे ठरवले आणि विमा कंपनीची मर्यादा अमान्य केली. कुटुंबाला न्याय मिळाला. त्यासाठी दोन दशकांहून अधिक काळ गेला. तिथे 'कर्मचारी नाही' हे ठरणे कुटुंबाच्या फायद्याचे होते. दुसऱ्या पॉलिसीत, दुसऱ्या शब्दरचनेत, तेच ठरणे नुकसानीचे असू शकते. म्हणूनच पॉलिसी वाचल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

कंत्राटी वैमानिकाने विम्याविषयी मागायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत आणि त्या मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. पहिली, पॉलिसीत वैमानिक म्हणून आपल्याला मान्यता आहे का. काही पॉलिसींत नावे असतात, काहींत एकूण उड्डाणतास आणि त्या प्रकारच्या विमानावरील तास यांची किमान अट असते. अटीत न बसणारा वैमानिक उजव्या आसनावर असला तरी दावा फेटाळला जाऊ शकतो. दुसरी, आपले नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घातले जावे आणि आपल्याविरुद्धचा वसुलीचा अधिकार विमा कंपनीने सोडून द्यावा. तिसरी, पॉलिसीतील पहिली काही रक्कम मालकाने सोसायची असते, ती वैमानिकाच्या माथी मारली जाणार नाही असा करारात स्पष्ट उल्लेख. या तिन्हींचा पुरावा म्हणजे दलालाचे आश्वासन नव्हे. विमा कंपनीचे पृष्ठांकन. उड्डाणाच्या आदल्या रात्री ते मिळत नाही, म्हणून नियमित ग्राहकांकडून ते आधीच घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

याशिवाय वैमानिकाचा स्वतःचा विमा वेगळा. वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरल्यास उत्पन्न थांबते, त्यासाठी परवाना गमावण्याच्या जोखमीचा विमा असतो. विमान कंपन्या तो अनेकदा सामूहिक स्वरूपात काढतात. मोकळ्या वैमानिकाला तो स्वतः शोधावा लागतो आणि वय वाढेल तसा तो महाग होतो. आयुर्विम्याच्या साध्या पॉलिसीतही, प्रवासी म्हणून केलेल्या प्रवासाव्यतिरिक्त विमानातील मृत्यू वगळणारी अट आहे का, हे पाहावे. घरच्यांना ही अट माहीत असण्याची शक्यता जवळपास नसते.

पन्नास हजारांचे पंचेचाळीस

आता पैशांकडे. हिशेबासाठी दिवसाचा दर ५०,००० रुपये धरू. नोकरदाराने मालकाला दिलेल्या सेवेवर वस्तू व सेवा कर नसतो. स्वतंत्र व्यावसायिकाची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांवर गेली, काही विशेष राज्यांत १० लाखांवर गेली, की नोंदणी बंधनकारक होते. या दराने चाळीस दिवसांच्या कामातच ती मर्यादा गाठली जाते. त्यानंतर प्रत्येक बिलावर १८ टक्के, म्हणजे ९,००० रुपये कर आकारावा लागतो. बिल ५९,००० चे होते. ग्राहक कंपनी मूळ ५०,००० वर १० टक्के, म्हणजे ५,००० रुपये उद्गम कर कापते. बँकेत येतात ५४,०००. त्यातले ९,००० सरकारचे आहेत. हाती उरतात ४५,००० आणि त्यावरचा अंतिम प्राप्तिकर अजून बाकी आहे. नव्याने स्वतंत्र झालेले अनेक जण खात्यात आलेल्या ५४,००० ला आपले उत्पन्न समजतात आणि पहिल्या विवरणपत्राच्या वेळी अडचणीत येतात.

कापलेला उद्गम कर किती, यावरही एकवाक्यता नसते. व्यावसायिक शुल्कासाठी १० टक्के, तांत्रिक सेवांसाठी २ टक्के. कंपन्यांचे लेखा विभाग आपापल्या समजुतीने दर लावतात. ही रक्कम अंतिम करातून वजा होत असल्याने ती बुडत नाही, पण कमी कापली गेली तर उरलेला भार वैमानिकाला अग्रिम कराच्या रूपाने भरावा लागतो. त्याच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च अशा आहेत आणि त्या तारखांपर्यंत एकूण कराचा अनुक्रमे १५, ४५, ७५ आणि १०० टक्के भरणा अपेक्षित असतो. चुकल्यास महिन्याला एक टक्का व्याज लागते. पगारातून कर आपोआप कापला जाण्याची सवय असलेल्यांची इथे हमखास चूक होते.

दुसरा गोंधळ अनुमानित उत्पन्नाच्या सवलतीचा. डॉक्टर, वकील, अभियंते, वास्तुविशारद, लेखापाल अशा नमूद व्यावसायिकांना एकूण पावत्यांच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवण्याची मुभा आहे. पावत्या ५० लाखांपर्यंत आणि रोख व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंत. महिन्याला बारा दिवस उड्डाण करणाऱ्याची वर्षाची रक्कम आपल्या उदाहरणात ७२ लाख होते, म्हणजे सवलत मिळाली तर ३६ लाखांवरच कर. आमिष मोठे आहे. पण नमूद व्यवसायांच्या यादीत वैमानिक नाही. 'तांत्रिक सल्ला' या शब्दांत विमान चालवणे बसवण्याचा युक्तिवाद केला जातो. विमान चालवणे हा सल्ला कसा, असा प्रश्न कर अधिकाऱ्याने विचारला तर उत्तर अवघड आहे. अशी सवलत घेण्यापूर्वी सनदी लेखापालाचे लेखी मत घ्यावे, आणि ती न घेता खरे खर्च दाखवायचे तर सिम्युलेटर प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी, परवाना शुल्क, विम्याचे हप्ते, प्रवास यांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपाव्यात. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याऐवजी २०२५ चा नवा कायदा लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. जुने क्रमांक छापलेले करारनामे तेवढे दुरुस्त करून घ्यावे लागतील.

बिल वसूल होणे हा वेगळाच विषय. श्रीमंत मालकाचे पैसे वेळेवर येतातच असे नाही, हे या क्षेत्रातील जुने दुखणे आहे. इथे फारसा वापरला न जाणारा एक मार्ग आहे. वैमानिकाने काम सुरू करण्याआधी आपल्या व्यवसायाची उद्यम नोंदणी सूक्ष्म उद्योग म्हणून केली असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार ग्राहकाने ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ होणारे व्याज लागते. शिवाय आता मुदतीत न दिलेली रक्कम, प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत, ग्राहक कंपनीला आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. मार्चअखेर जवळ आला की या एका तरतुदीची आठवण करून देणारे सौम्य पत्र पुरेसे ठरू शकते.

कंपनीच दिवाळखोरीत गेली तर मात्र चित्र कठोर आहे. किंगफिशर २०१२ मध्ये आणि जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, तेव्हा पगारी वैमानिकांचेही महिन्यांचे वेतन थकलेले होते. दिवाळखोरी संहितेत कामगारांच्या २४ महिन्यांच्या देण्यांना तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीचे आणि इतर कर्मचाऱ्यांच्या १२ महिन्यांच्या देण्यांना त्याखालचे स्थान आहे. स्वतंत्र वैमानिकाचे बिल हे वेतन नव्हे, पुरवठादाराचे देणे आहे. त्याचा क्रमांक कर्मचाऱ्यांच्या बराच नंतर लागतो. त्यातच कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज करण्यासाठी थकबाकी किमान एक कोटी रुपयांची असावी लागते. महिन्याचे बिल महिन्याला घेणे आणि अनोळखी ग्राहकाकडून आगाऊ रक्कम मागणे, एवढाच व्यवहार्य उपाय.

बंधपत्र आणि बंदी

काही मालक वैमानिकाचे टाइप रेटिंग स्वतःच्या खर्चाने करून देतात आणि मोबदल्यात ठरावीक काळाचे बंधपत्र घेतात. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची अट वैध ठरवली. त्यामुळे अशी बंधपत्रे निव्वळ कागद आहेत, या भरवशावर राहता येणार नाही. मात्र करार कायद्यानुसार भरपाई वाजवी असावी लागते. प्रशिक्षणाच्या खर्चाशी काहीही संबंध नसलेला आकडा आव्हान देण्याजोगा असतो.

करार संपल्यावरही अमुक काळ दुसऱ्या कोणासाठी उड्डाण करू नये, ही अट मात्र १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे टिकत नाही. श्रीरामपूरचा वेगवान गोलंदाज झहीर खान याच्या जाहिरात व्यवस्थापन कंपनीने करार संपल्यानंतरही आपल्यालाच पहिली संधी मिळावी, असा दावा केला होता; तो सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अमान्य केला. प्रवाशांची गुप्तता पाळण्याची अट वेगळी. ती करार संपल्यावरही लागू राहते आणि खासगी विमानात कोण कोणाबरोबर बसले होते याला किती किंमत असते, हे वैमानिकांना सांगावे लागत नाही.

आखातात गेलेल्यांसाठी

आखाती देशांत दिवसाच्या वा महिन्याच्या करारावर उड्डाण करणारे भारतीय वैमानिक एका गणितावर भर देतात : वर्षात १८२ दिवसांहून कमी काळ भारतात. कामासाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकाला ही सवलत आहे, आणि 'काम' यात स्वतंत्र व्यवसायही येतो, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला आहे. पण भारतातील उत्पन्न १५ लाखांहून अधिक असेल आणि दुसऱ्या कोणत्याही देशात तो करदाता नसेल, तर कायदा त्याला भारताचा रहिवासी मानतो. अशा मानीव रहिवाशाचे परदेशातील उत्पन्न सामान्यतः करमुक्त राहते. अपवाद आहे तो भारतात उभारलेल्या व्यवसायाचा. मुंबई किंवा पुण्याच्या पत्त्यावर नोंदणी, तिथूनच बिले आणि विमान दुबईचे, अशी मांडणी असेल तर हा अपवाद लागू होण्याचा धोका खरा आहे. परदेशातील करार परदेशातच, तिथल्या परवान्यासह आणि शक्यतो नोकरीच्या स्वरूपात करणे अनेकदा सोपे पडते.

दिवस म्हणजे नेमके काय?

वाद सर्वाधिक होतात ते साध्या शब्दांवरून. 'दिवसाचा दर' म्हटले तर दिवस कधी सुरू होतो? नागपूरच्या वैमानिकाला उड्डाणासाठी दिल्लीला आदल्या संध्याकाळी जावे लागले तर तो दिवस कोणाचा? प्रवासी बैठकीत अडकले आणि विमान दोन दिवस इंदूरला थांबले तर? उड्डाण रात्री अकराला रद्द झाले आणि वैमानिकाने त्यासाठी दुसरे काम सोडले होते तर? प्रवासाचे दिवस, थांबण्याचे दिवस आणि ऐनवेळी रद्द झालेले दिवस यांचे दर करारात स्वतंत्र लिहिलेले नसतील, तर उत्तर नेहमी मालकाच्या बाजूने लागते. निवास, जेवण, परतीचे तिकीट यांचेही तसेच.

उड्डाणतासांची नोंद हा तर सुरक्षेचा प्रश्न आहे. वर्षाला १,००० तासांची मर्यादा वैमानिकाला आहे, ग्राहकाला नाही. सोमवारी एका कंपनीसाठी, बुधवारी दुसऱ्यासाठी आणि शुक्रवारी तिसऱ्यासाठी उडणाऱ्याची थकव्याची बेरीज त्या तिघांपैकी कोणाकडेही नसते. प्रत्येकाला वाटते वैमानिक ताजातवाना आला आहे. म्हणून गेल्या काही आठवड्यांतील कामाचे आणि विश्रांतीचे तास प्रत्येक ग्राहकाला लेखी देणे, आणि तो तपशील ग्राहकाने मागणे, ही करारातील अट असायला हवी. मद्यचाचणीच्या बाबतीतही असेच आहे. पहिल्यांदा दोषी आढळल्यास परवाना तीन महिने, दुसऱ्यांदा तीन वर्षे निलंबित होतो. पगारी वैमानिकाच्या मागे निदान कंपनीचा विधी विभाग उभा राहू शकतो. मोकळ्याच्या मागे कोणी नसते.

आणि एक कलम असे आहे जे बहुतेक करारनाम्यांत आढळत नाही. हवामान, विमानातील बिघाड वा स्वतःचा थकवा या कारणाने कमांडरने उड्डाण नाकारले तरी त्या दिवसाचा पूर्ण मोबदला मिळेल, असे त्यात लिहिलेले असते. नियमानुसार अंतिम निर्णय कमांडरचाच असतो. पण उड्डाण झाले तरच पैसे, अशी बोली असलेल्या वैमानिकाला कोकण किनाऱ्यावर ढग उतरलेले असताना मागच्या आसनावरून विचारणा होते, तेव्हा त्याच्या 'नाही' ची किंमत त्याच्याच खिशातून जाते. हे कलम घालायला मालकाला एका वाक्याखेरीज काही खर्च येत नाही. विमा कंपन्यांनाही त्याला हरकत घेण्याचे कारण नाही.